फिल्टर सॉक ब्लीचने धुताना

मत्स्यटाकीचे फिल्टर सॉक, म्हणजे पाणी गाळणाऱ्या कापडी पिशव्या, ब्लीचने धुवायचे म्हटले की मासे पाळणारे अनेक जण दचकतात, आणि त्यांचे दचकणे चुकीचे नाही. माशांच्या कल्ल्यांना क्लोरीन सोसत नाही. तरीही माझ्या टाकीचे फेल्टचे (नमद्यासारख्या दाबलेल्या जाड कापडाचे) सॉक मी ब्लीचनेच स्वच्छ करतो आणि हीच पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. ब्लीचमध्ये सॉक भिजत पडलेले असतात तेव्हा माशांना काहीच धोका नसतो. सॉक बादलीतून बाहेर काढल्यापासून ते पुन्हा सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) बसवेपर्यंतचा जो वेळ असतो, त्यात केलेली घाई मात्र जिवावर बेतू शकते.

टाकीतून खाली येणारे पाणी सॉकच्या तोंडातून आत शिरते आणि कापडातून झिरपून बाहेर पडते, त्यामुळे विष्ठा, उरलेले खाद्य आणि शेवाळाचे तुकडे आतल्या बाजूला अडकून राहतात. फेल्टचे सॉक साधारणपणे 100 किंवा 200 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांचे असतात. काही दिवसांतच आतून बुळबुळीत थर धरतो आणि पाणी कापडातून जाण्याऐवजी काठावरून ओसंडू लागते. त्याआधीच अडकलेली घाण कुजू लागलेली असते; ती नजरेआड झालेली असली तरी पाण्यातच असते, आणि तिचा अमोनिया व पुढे नायट्रेट टाकीतच मिसळत राहतो. म्हणून सॉक वेळेवर बदलणे हे पहिले काम आणि ते नीट धुणे हे दुसरे.

नायलॉनच्या जाळीचे सॉक नळाच्या जोरदार धारेने बऱ्यापैकी स्वच्छ निघतात, पण फेल्टच्या जाडीत मुरलेला चिकटपणा नुसत्या पाण्याने जात नाही. अशा वेळी कपड्यांचा साबण वापरण्याचा मोह होतो, आणि तो मी ठामपणे टाळतो. साबणातील फेसकारक द्रव्ये, सुगंध आणि कपड्यांना चमक आणणारी रसायने धाग्यांना चिकटून बसतात, आणि त्यांचा परिणाम घालवणारे कोणतेही औषध आपल्याजवळ नसते. ब्लीचचे तसे नाही. त्यातील सोडियम हायपोक्लोराइट सेंद्रिय घाणीचे विघटन करते आणि काम झाल्यावर त्याला पूर्णपणे निष्प्रभ करता येते. ब्लीचला उतारा आहे, साबणाला नाही, हाच माझ्या निवडीचा मुख्य आधार आहे.

अर्थात बाटली निवडताना लेबल वाचावे लागते. घटकांमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असावे, त्याचे प्रमाण सुमारे 5 टक्के असावे, आणि सुगंध, रंग किंवा दाटपणा आणणारी द्रव्ये नसावीत. न उडणारे म्हणून विकले जाणारे दाट ब्लीच फेसाळते आणि आपल्याला नेमके तेच नको असते. जुन्या बाटलीतील ब्लीचचा जोर कालांतराने कमी होतो, म्हणून बाटली थंड आणि अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

ब्लीचमध्ये टाकण्यापूर्वी सॉक पाण्याने धुऊन घेणे अनेकांना अनावश्यक वाटते, पण माझ्या मते निम्मे काम तेथेच होते. सॉकमध्ये घाण जितकी जास्त, तितके ब्लीच ती पचवण्यातच खर्ची पडते, आणि घाणीतील अमोनियाशी संयोग झाल्यास क्लोरामाइनची उग्र वाफ निघते. आधी बाहेरून आत अशी धार मारावी, मग सॉक उलटा करून आतली बाजू धुवावी. तोंडाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या कडीखाली जेथे कापड दुमडून शिवलेले असते, तेथे काळपट तपकिरी गाळाची एक बारीक रेघ हमखास राहते. अंगठ्याने शिवण उघडून तेथे धार धरली की तो गाळ सुटतो. निथळणारे पाणी जवळपास स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहावे.

यासाठी वेगळी ठेवलेली प्लॅस्टिकची बादली घ्यावी, कारण धातूला ब्लीच गंजवते. हवा खेळती असेल अशा जागी, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, आधी थंड पाणी भरावे आणि मग त्यात ब्लीच ओतावे. साडेनऊ लिटर पाण्याला अर्धा लिटर हे प्रमाण मला पुरेसे होते. गरम पाण्याने ब्लीच लवकर विघटित होते आणि वाफही वाढते. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे फेल्ट रात्रभर भिजले तरी चालते, पण नायलॉनचे धागे हायपोक्लोराइटने कमकुवत होतात, त्यामुळे जाळीच्या सॉकला थोडा वेळ दिला तरी पुरे. ब्लीच डोळ्यात उडाल्यास डोळा लगेच वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

एक गोष्ट येथे अगदी स्पष्टपणे सांगायला हवी. ब्लीचच्या बादलीत व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड, अमोनियायुक्त क्लीनर यांपैकी काहीही कधीही मिसळू नये. आम्लाशी संयोग होताच ब्लीचमधून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत सॉकवर चुन्याचा कडक थर बसतो आणि तो काढण्यासाठी व्हिनेगर उपयोगी पडते हे खरे, पण ते काम वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीत आणि ब्लीचचा अंशही उरलेला नसताना करावे.

आता त्या नाजूक वेळेकडे वळतो. वरील प्रमाणात बादलीतील क्लोरीन लिटरमागे सुमारे 2,400 मिलिग्रॅम असते. एका ओल्या सॉकमध्ये असे 200 मिलिलिटर द्रावण राहिले, तर त्यात 480 मिलिग्रॅम क्लोरीन झाले. तो सॉक तसाच 200 लिटरच्या टाकीला लावला, तर पाण्यात लिटरमागे 2.4 मिलिग्रॅम क्लोरीन उतरेल. नाजूक माशांना तर लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाणही बाधते. हेच गणित खंगाळण्याला लावले तर धीर येतो. 10 लिटर स्वच्छ पाण्यात सॉक पिळून काढला की आतल्या द्रावणाची तीव्रता सुमारे पन्नास पटींनी घटते, म्हणजे पहिल्या खेपेनंतर लिटरमागे 48 मिलिग्रॅमच्या आसपास, दुसऱ्या खेपेनंतर एकाच्या आसपास. मात्र जाड फेल्ट आतले पाणी सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे प्रत्येक खेपेला सॉक काही मिनिटे पाण्यात राहू द्यावा आणि दोन-तीनदा दाबून पिळावा. नुसता बुचकळून काढलेला सॉक हिशेबात धरू नये.

तिसरी खेप डीक्लोरिनेटरच्या, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणाऱ्या औषधाच्या, पाण्याची. सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक मिळत असतील तर ते या कामाला उत्तम. क्लोरीनच्या सुमारे सातपट वजनाचे थायोसल्फेट घेतले की क्लोरीन निष्प्रभ होते, म्हणजे 10 लिटर पाण्यातील 1 ग्रॅम थायोसल्फेट 140 मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन संपवते, आणि दोन खेपांनंतर उरलेल्या अंशापेक्षा हे कितीतरी जास्त आहे. तयार डीक्लोरिनेटर वापरत असाल तर त्यावरील मात्रा नळाच्या पाण्यातील अल्प क्लोरीनसाठी दिलेली असते हे लक्षात घेऊन बादलीत ती अनेक पटींनी वाढवावी. सॉक त्यात अर्धा तास ठेवून नंतर साध्या पाण्यातून काढावा.

वास येत नाही म्हणजे क्लोरीन गेले असे मानू नये. थोडा वेळ त्या वासात वावरले की नाकाला तो जाणवेनासा होतो. सॉक घट्ट पिळून ते पाणी पेल्यात घ्यावे आणि क्लोरीनची चाचणी करावी. ही चाचणी खंगाळण्याच्या शेवटीच करावी, कारण गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी प्रकारच्या चाचणीत क्लोरीन फार जास्त असेल तर तो रंगच उडून जातो आणि पाणी निर्धोक असल्याचा भास होतो. त्यानंतर सॉक उन्हात पूर्ण वाळवावा. ऊन आणि हवा उरलेल्या हायपोक्लोराइटचे विघटन करतात. कडीजवळची शिवण सर्वांत शेवटी वाळते, म्हणून तेथे हात लावून पाहिल्याशिवाय मी सॉक उचलत नाही. सॉकचे दोन-तीन जादा नग जवळ ठेवले की घाई करण्याचे कारणच उरत नाही.

सिरॅमिक रिंग, बायोबॉल, स्पंज यांसारख्या ज्या माध्यमांवर नायट्रीकरण करणारे (अमोनियाचे नायट्रेट बनवणारे) जिवाणू वाढलेले असतात, त्यांना मात्र ही पद्धत चुकूनही लावू नये. एका धुण्यात टाकीची सारी जैविक गाळणी मरते. सॉक सतत बदलला जात असल्याने त्यावर अशी वसाहत आपण मुळात धरतच नाही. वापरलेले ब्लीचचे पाणी भरपूर पाण्याबरोबर सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे, झाडांना किंवा उघड्या ओढ्यात नव्हे. फेल्ट पिळताना बोटांना सुटे धागे लागू लागले किंवा कडीजवळची शिवण उसवलेली दिसली, तर तो सॉक पुन्हा भिजत घालू नये, नवीन घ्यावा.