लिटल टोकियोला जाल तर खाली बघत चाला

लॉस एंजेलिसला भाचीकडे गेले होते. गाडी काढूच नका. पार्किंगला जेवणाएवढे पैसे जातात. मेट्रोच्या ए आणि ई दोन्ही लाइन लिटल टोकियोला, म्हणजे तिथल्या जुन्या जपानी वस्तीत, थांबतात, टॅप कार्डावर (मेट्रोचं प्रवासाचं कार्ड) पावणेदोन डॉलर. स्टेशन २०२३ चं, चकाचक. आपली सोय झाली, पण असं स्टेशन आलं की भाडी वाढतील म्हणून जुन्या भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो.

बाहेर पडून फर्स्ट स्ट्रीटच्या उत्तरेकडच्या फुटपाथवर या. रामेनच्या रांगा नंतर. इथे सिमेंटमध्ये पितळी अक्षरं बसवली आहेत: प्रत्येक दारासमोर त्या जागी कधी कोणतं दुकान होतं ते, सालासकट. मी वाकून वाचत होते, तर भाची ओरडली, "मावशी, लोक अडखळतायत!" अडखळू देत. तासभर तरी हाताशी ठेवा.

मग कोपऱ्यावरचं जुनं होंगवानजी मंदिर बघा. १९४२ मध्ये जपानी कुटुंबं हातात मावेल तेवढंच सामान घेऊन इथून बसमध्ये चढली, थेट छावण्यांकडे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने त्यांना तिथे डांबलं होतं. रिकाम्या झालेल्या वस्तीत दक्षिणेकडून युद्धकारखान्यांत कामाला आलेले कृष्णवर्णीय लोक दाटीवाटीने राहिले, कारण शहरात इतरत्र त्यांना कोणी घर देईना. तेव्हा वस्तीचं नावही ब्रॉन्झव्हिल झालं. युद्ध संपलं, जपानी परतले आणि या कृष्णवर्णीयांना निघावं लागलं. पुढे पन्नासच्या दशकात पोलिस मुख्यालयासाठी वस्तीचा एक तुकडा गेला. ते मुख्यालयही २०१९ मध्ये पाडलं, म्हणजे गेली ती घरं उगाचच गेली, असं मला वाटलं.

मंदिराच्या इमारतीत १९९२ मध्ये जपानी-अमेरिकन संग्रहालय सुरू झालं. समोरच्या नव्या दालनाचं नूतनीकरण काढलंय. उघडं आहे का ते निघण्याआधी वेबसाइटवर बघा.

सुएहिरो कॅफे फर्स्ट स्ट्रीटवर शोधू नका. १९७२ पासूनचं हे हॉटेल, पण २०२४ च्या सुरुवातीला जागा सोडावी लागली. आता मेन स्ट्रीटवर आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ वारसास्थळांच्या यादीत ही वस्ती आली. इथल्या ज्येष्ठांच्या इमारतीत आता कोरियन आजी-आजोबाही बरेच आहेत. जपानी कुटुंबं केव्हाच गार्डिना-टॉरन्स या उपनगरांकडे पांगली. त्यांचं रोजचं जगणं, किराणा बघायचा तर टॉरन्स गाठा. इथे संध्याकाळी दिसतात ते माझ्यासारखे पाहुणे आणि आसपासच्या महागड्या फ्लॅटांतली तरुण मंडळी. अंधार पडल्यावर दक्षिणेला स्किड रो या बेघरांच्या भागाकडे मात्र चालत जाऊ नका.

एक राहिलंच: फुगेत्सुदो, १९०३ चं मिठाईचं दुकान. अजून त्याच घराण्याकडे. सकाळीच जा, रंगीत मोची लवकर संपते. पीठ उकडीच्या पारीसारखं, पण चिवट. आत लाल बीन्सचं गोड पुरण. पीनट बटरवालीही घ्या, भाचीने तीन खाल्ल्या. उरलीच तर फ्रिजमध्ये ठेवू नका, दगड होते. त्याच दिवशी संपवा.