आधी दार मोजलं, मग रूळ

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. जाताना म्हणाली, "बाबा, खोली आता तुमच्या गाडीला." खोली तीन मीटर बाय अडीच मीटर. खोक्यात जपून ठेवलेली मॉडेल रेल्वेची इंजिनं आणि डबे एचओ मापाचे, म्हणजे खऱ्या गाडीच्या तुलनेत १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. १:१६० चं एन माप घेतलं असतं तर याच जागेत कितीतरी जास्त मावलं असतं, पण इतकी वर्षं हाताळलेले डबे सोडवत नव्हते.

पहिल्या रात्री कागदावर सगळंच काढलं. दुहेरी मार्ग, बोगदा, एका गाडीवरून दुसरी नेणारा पूल, आणि हे सगळं एका मोठ्या टेबलावर. सकाळी वर्तमानपत्रं चिकटवून त्या टेबलाचा आकार जमिनीवर अंथरला आणि दार उघडलं. दार आत उघडतं, ते सरळ कागदावर आलं. टेबल कोपऱ्यात सरकवलं तर दार मोकळं झालं, पण भिंतीकडच्या रुळांपर्यंत हात पोहोचेना. ७० सेंटिमीटरच्या पुढे डबा घसरला तर तो उचलायचा कसा?

म्हणून मार्ग भिंतीकडेने न्यायचा ठरवला. मग पुलाचा हिशेब मांडला. खालून गाडी जायला मोकळी जागा आणि वरच्या फळीची जाडी धरून नऊ सेंटिमीटर उंची लागते. चढ मीटरला दोन सेंटिमीटर ठेवला तर साडेचार मीटर चढायला आणि तेवढेच उतरायला. नऊ मीटर! भिंतीकडेची पूर्ण फेरी दहाच्या आत संपते. स्टेशनला सपाट जागा कुठून आणणार? चढ वाढवावा तर वळणावर इंजिनाला ओढ आणखी जड जाते. पूल गेला. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

वळणांवर मात्र मी आठवडाभर रमलो. पुठ्ठ्यावर ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वळण आखून त्यावर रूळ ठोकले. सगळ्यांत लांब डब्याच्या कोपऱ्याला पेन्सिल बांधली आणि डबा हळूहळू ढकलला. टोकं बाहेर झुकतात आणि डब्याचं पोट आत येतं, हे वाचून माहीत होतं. पण पुठ्ठ्यावर ती रेघ उमटताना पाहिली तेव्हा कळलं की वळणावर शेजारचा रूळ सरळ मार्गापेक्षा लांब का ठेवायचा. डावं वळण संपताच लगेच उजवं दिलं तर जोडलेल्या डब्यांची टोकं उलट्या दिशांना खेचली जातात, म्हणून मधे एका डब्याइतका सरळ तुकडा ठेवला. गाडीला उलट फिरवून आणणारा वेढाही वगळला, कारण इंजिनाला वीज या दोन रुळांतूनच मिळते, तिथे डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो आणि वेगळी जोडणी केली नाही तर शॉर्ट सर्किट होतं.

शेवटी दोन भिंतींना धरून एल आकाराची फळी ठरली. फळीची रुंदी ४० सेंटिमीटर, जमिनीपासून उंची १२०, म्हणजे उभ्यानेच गाडी जवळपास डोळ्यांसमोर येते. लांब भिंतीवर आधी शंटिंगचं यार्ड, म्हणजे डबे मागेपुढे करून हव्या क्रमाने लावायची जागा. ॲलन राइट यांनी रचलेली इंगलनुक ही मांडणी मला फार आवडते. दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा), तीन साइडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), त्यांत पाच, तीन आणि तीन वॅगन मावतात. पण हलवायला जागा राहावी म्हणून एकूण वॅगन आठच. त्यांच्या नावाच्या आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे क्रम ६,७२० होतात, आणि जागा लागते दोन मीटरच्या आत.

परवा फळीवर रूळ नुसते मांडले, खिळे अजून मारले नाहीत. वायरी जोडलेल्या नव्हत्या म्हणून इंजिन बोटाने ढकललं. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली वॅगन नेमकी सगळ्यांत मागे अडकलेली निघाली, आणि ती बाहेर काढेपर्यंत रात्रीचे साडेबारा वाजले.