रवीने घुसळलेलं हॉट चॉकलेट

शनिवार, रात्री साडेअकरा

आज थंडी म्हणजे थंडी आहे. पेपरात आकडा नेहमी निफाडचाच येतो, पण इथे नाशिकात गंगापूर रोडला पण फरशीवर पाय ठेववत नाहीये. तिकडे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढत असतील आणि मी इकडे रजईत बसून हॉट चॉकलेट हॉट चॉकलेट करतेय, जाऊ दे.

तर आज डब्यातली ड्रिंकिंग चॉकलेट पावडर वापरायची नाही असं ठरवलं होतं. मागच्या आठवड्यात सहज डबा उलटा करून वाचला, तर घटकांत पहिलं नाव साखर!! आणि ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते पहिलं लिहायचं असा नियमच असतो, म्हणजे इतकी वर्षं आपण कोको लावलेली साखर पीत होतो. म्हणून दुपारी रविवार कारंज्याला जाऊन बिनसाखरेची कोको पावडर आणि डार्क चॉकलेटची एक लादी आणली.

पहिला प्रयत्न पूर्ण फसला. दूध उकळलं, वरून तीन चमचे कोको टाकला आणि ढवळत बसले, तर पावडर भिजायलाच तयार नाही, वर नुसते गोळे तरंगतायत, चमच्याने फोडले तर आतून कोरडे ठाक. गाळणीने गाळलं तर अर्धा कोको गाळणीतच. आई ओट्यापाशी लसूण सोलत होती, तिने वर न बघताच विचारलं, "पिठल्यात बेसन असंच कोरडं टाकतेस का गं तू?"

एवढं साधं मला सुचू नये? मग दुसऱ्यांदा वाटीत दोन चमचे कोको, तीन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि थोडंसंच कोमट दूध घालून चमच्याने वाटीच्या कडेला घासत घासत कालवलं. आधी घट्ट, मग एकदम चकचकीत, काळ्या चिखलासारखं झालं, एक गुठळी नाही. मग ते दोन कप गरम दुधात ओतलं, गॅस बारीक केला आणि लादीचे चार-पाच तुकडे मोडून टाकले. लादी हवीच हं, कारण पावडर करताना कोकोतलं लोणी दाबून काढून टाकतात (हे दाबायचं तंत्र डच व्हॅन हौटेनचं, १८२८ चं पेटंट), त्यामुळे नुसत्या पावडरचं केलं की पाणचट लागतं. लादीतून ते लोणी परत येतं आणि दूध चमच्याच्या पाठीला धरायला लागतं.

फेसासाठी माझ्याकडे ते बॅटरीवालं फ्रॉदर वगैरे काही नाही. ताकाची छोटी लाकडी रवी घेतली आणि दोन तळहातांत धरून पातेल्यातच घुसळलं. आणि गंमत म्हणजे मेक्सिकोत चॉकलेट फेसाळायला मोलिनियो म्हणून जे असतं ते पण लाकडीच, अगदी असंच तळहातांत धरून फिरवायचं, म्हणजे रवीच की ती! मिनिटभरात वर बोटभर फेस आला, बारीक बुडबुड्यांचा, कपात ओतला तरी बसला नाही.

बाबांनी एक घोट घेतला, म्हणाले कडू आहे. दुसरा घेतला, म्हणाले जायफळ घाल. बाबांना कॉफीत जायफळ, श्रीखंडात जायफळ, आता यात पण. मी नाही म्हटलं तर स्वतः उठून किसणी घेऊन आले आणि खरं सांगायचं तर माझ्या कपापेक्षा त्यांचा चांगला लागत होता, पण हे मी त्यांना सांगणार नाहीये.

आईने अर्धाच कप घेतला, तळाशी राहिलेला साका बोटाने पुसून खाल्ला आणि मग तिचं लक्ष सिंककडे गेलं. रवीने काय घुसळलंस म्हणाली. दोनदा गरम पाण्याने धुऊन, पुसून जागेवर टांगलीये. आत्ता परत जाऊन वास घेऊन आले, अजून येतोय. उद्या रविवार, ताक आहे.