पीस स्टेशनचा अल्सर

आमच्याकडे लष्करातल्या निवृत्त हवालदारालाही गाव मेजरच म्हणतं. तसे हे मेजर वहिनींना घेऊन माझ्या साताऱ्याच्या वकिलीच्या ऑफिसात आले. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सतरा वर्षांच्या नोकरीचे कागद. आजार ड्युओडेनल अल्सर, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीची जखम. निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व २० टक्के धरलं, तेही आयुष्यभराचं, आणि खाली एक ओळ: सुरुवात पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या, शांत ठाण्यावर), सेवेशी संबंध नाही. म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शन शून्य. दोन्ही अपिलं याच ओळीवर फेटाळलेली.

ही ओळ मला आता पाठ झालीय. जणू बदलीची ऑर्डर पोटालाही मिळते.

“फील्डला, म्हणजे सीमेवर असताना त्रास व्हायचा?” मी विचारलं.

“नाही मॅडम. जरा जळजळायचं. पोस्टवर पोट धरून बसलं की कामचुकार म्हणतात.”

“खरं सांगा की,” वहिनी पहिल्यांदाच बोलल्या. “रजेवर आले की रात्री दोनला उठायचे, मॅडम. दुधात भाकरी कुस्करून खायचे, मग डोळा लागायचा. मला वाटायचं, तिकडं पोटाला घालत नाहीत की काय.”

रिकाम्या पोटी मध्यरात्री दुखायचं आणि खाल्लं की थांबायचं, हे या अल्सरचं अगदी पुस्तकातलं लक्षण. ती रजा कधीची, हे वहिनींना मुलीच्या बारशावरून आठवलं. रेकॉर्ड बघितलं, तर मेजरांची नेमणूक तेव्हा बर्फातल्या चौकीवर होती. मग पिशवीच्या तळाशी एमआय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची चिठ्ठी सापडली, घड्यांवर फाटायला आलेली. अँटासिड, दिवसातून तीनदा. तारीख पीस स्टेशनच्या आठ महिने आधीची.

सैनिकांचे खटले चालवणाऱ्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या मुंबई खंडपीठापुढे फार बोलावं लागलं नाही. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे नाही हे सरकारने दाखवायचं आणि बोर्डाने कारणं द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ सालीच सांगून ठेवलंय. इथे कारण ती एक ओळ, आणि समोर ही चिठ्ठी. अर्ज मंजूर झाला. पेन्शनसाठी २० टक्क्यांचे नियमाने राउंड ऑफ होऊन ५० झाले. थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीनच वर्षांची. २०१६ ला घरी आलेला माणूस २०२२ ला कोर्टात आला, त्यामुळे मधली तीन वर्षं पाण्यात. हा नियम मला अजून पचलेला नाही.

अंमलबजावणीची चार महिन्यांची मुदत मागच्या आठवड्यात संपली. एक्झिक्युशनचा, म्हणजे निकाल अमलात आणायला लावण्याचा अर्ज टाइप करून ठेवलाय. मेजर सोमवारी सहीला येतील. वहिनींनाही आणा म्हटलंय.