रंग कुठे संपतो

रविवार, रात्र.

जर्मन लेखक टोमास मान यांची १९१२ सालची ‘डेथ इन व्हेनिस’ ही लघुकादंबरी आज दादरपर्यंतच्या गाडीत दुसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्या वेळी जो प्रसंग मी भरभर ओलांडून गेलो होतो, त्यानेच या खेपेला अस्वस्थ केले. बोटीवर तरुणांच्या टोळक्यात एक जण फारच हसत-खिदळत असतो. नीट पाहिल्यावर कथेचा नायक, उतारवयाकडे झुकलेला लेखक आशेनबाख, याच्या ध्यानात येते की हा म्हातारा आहे, गालांवरची लाली लावलेली आहे, केसांचा टोप आहे आणि दातही खोटे आहेत. त्याला शिसारी येते. पुढे हाच आशेनबाख हॉटेलच्या न्हाव्यासमोर मुकाट्याने बसून केस काळे करून घेतो, गालांना आणि ओठांना रंग लावून घेतो, आणि बोटीवरचा म्हातारा आपल्याला पुन्हा दिसू लागतो.

वाचताना गिरगावातली आमची चाळ आठवली. गणपतीतल्या नाटकात पन्नाशी उलटलेले शेजारचे काका पंचविशीचा नायक झाले होते. रंगभूषाकाराने पॅनकेकचे थरावर थर चढवले होते. दुसऱ्या अंकापर्यंत घामाने नाकाच्या दोन्ही बाजूंना भेगा पडल्या, आणि जबड्याखाली जिथे गुलाबी रंग संपत होता तिथे एक सरळ रेघ दिसू लागली. रेघेखाली काकांची रोजची सावळी मान होती. मी नऊ वर्षांचा, सतरंजीवर अगदी पुढे बसलेलो. ते माझ्याकडे पाहून हसले आणि मी भोकाड पसरले.

त्याच सुमारास परळला दशावतारातला तांबड्या-काळ्या तोंडाचा राक्षस पाहून मात्र मी खदखदून हसलो होतो. राक्षसाचा रंग उघडपणे रंगच असतो, तो कोणाला फसवायला निघालेला नसतो. यंत्रमानवांचे जपानी अभ्यासक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडले होते की यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की आपली जवळीक वाढत जाते, पण तो जवळजवळ माणूस वाटू लागला की ती एकदम कोसळते. त्यांच्यापुढे यंत्रमानव होते, चाळीतले काका नव्हते. तरी मला ते पटते. म्हणूनच लिपस्टिक भडक, सबब बाई कारस्थानी, हा मालिकांतला हिशेब मला आळशी वाटतो. भीती भडकपणाची नसतेच. रंग जिथे संपतो ती रेघ लेखकाने दाखवावी लागते, आणि मान यांना ती नेमकी कुठे आहे हे ठाऊक होते.

नाटक संपल्यावर काका नळावर खोबरेल तेलाने तोंड चोळत होते. अर्धा चेहरा स्वच्छ झाला होता, अर्धा अजून पंचविशीचा होता. “काय रे, घाबरलास होय?” त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो, पण ते धुतलेल्या बाजूकडे बघून.