गीझरमधला मॅग्नेशियमचा रॉड बदलला, माझा अनुभव

आमच्याकडे बडोद्यात मांजलपूरला बोरचं पाणी, क्षार एवढे की नळ महिन्याभरात पांढरे पडतात. गीझरचं पाणी लालसर यायला लागलं म्हणून मेकॅनिकला बोलावलं तर तो म्हणाला टाकी गेली, नवा घ्या. पण माझा भाचा इथेच कलाभवनला, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजला, मेटलर्जी (धातुशास्त्र) शिकतो, तो म्हणाला, "मामा थांब, आधी ॲनोड रॉड, म्हणजे आतला मॅग्नेशियमचा रॉड बघ ना."

त्याने मग नीट समजावलं. टाकी स्टीलची, आतून काचेसारखं एनॅमल, पण त्यात कुठेतरी बारीक भेग राहतेच आणि गंज तिथून धरतो. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजतं, म्हणून त्याचा रॉड टाकीला जोडलेला असला की तो स्वतः संपतो आणि टाकी वाचते. शिडाच्या बोटींना पाण्याखाली जस्ताचे तुकडे लावतात ते ह्याचसाठी, फक्त गोड्या पाण्यात जस्ताचा जोर कमी पडतो. हम्फ्री डेव्ही ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८२४ मधे ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा असाच वाचवायचा उपाय मांडला होता, आणि मला सगळ्यात आवडलं ते पुढचं, की तांबं खरंच वाचलं पण मग त्यावर शेवाळ आणि शिंपले चिकटायला लागले, कारण हळूहळू विरघळणारं तांबंच त्यांना लांब ठेवत होतं!

असो. मेन बोर्डावरचा एमसीबी स्विच पाडला (नुसतं बटण बंद करून भागत नाही), पाणी गार होऊ दिलं, गीझरला पाणी येतं तो अँगल कॉक बंद, गरम पाण्याचा नळ उघडा, आणि इनलेटची पाइप सोडवून टाकी बादल्यांमधे रिकामी केली. खालचं झाकण काढलं की वायरींचा फोटो काढून ठेवाच. मग फ्लँजचे, म्हणजे टाकीचं तोंड बंद करणाऱ्या चकतीचे, नट सोडले आणि एलिमेंटसकट (पाणी तापवणाऱ्या कॉइलसकट) सगळं बाहेर आलं, क्षाराचे पोपडेच्या पोपडे, आणि बोटाएवढा जाड असायला हवा त्या रॉडची नुसती मधली तार उरलेली. म्हणजे टाकीला कोणी राखणदारच नव्हता हो!

लांबी आणि आटे वेगवेगळे असतात म्हणून जुना रॉड बरोबर घेऊन रावपुऱ्यात गेलो. दुकानदार म्हणाला, "आ रॉड तो कोई बदलावतुं ज नथी, सीधुं नवुं गीझर लई ले छे." म्हणजे रॉड कोणी बदलतच नाही, सरळ नवा गीझर घेतात. ऐकून वाईट वाटलं, कारण रॉड नव्या गीझरच्या मानाने अगदीच स्वस्त आहे.

एलिमेंट लिंबाच्या फुलांच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात भिजवून साफ केलं. रॉडच्या आट्यांना टेप किंवा रंग काही लावायचं नाही, धातूला धातू भिडला तरच तो काम करतो. रबर गॅस्केट नवं टाकलं आणि नट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. नंतर गरम नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरली, कुठे गळत नाही ना बघितलं, मगच एमसीबी वर केला, रिकाम्या टाकीत एलिमेंट जळतं. सुरुवातीला गढूळ आलं, मग स्वच्छ. आता बोरच्या पाण्यावर वर्षाने उघडून बघणार आहे, अर्धा झिजलेला दिसला की लगेच नवा.