तुम्ही विचारलंत म्हणून : घरच्यांच्या तारणासाठी किती दिवस प्रार्थना करायची?

उपासना संपते, चपलांच्या ढिगात आपला जोड शोधत असताना कुणीतरी कोपराला धरतं. "ताई, एक विचारू?" पुढचं मला पाठ झालंय. नवरा चर्चला येत नाही, मुलगा पुण्याला गेल्यापासून पवित्र शास्त्राला हात लावत नाही, सासरे येशूचं नाव काढलं की ताटावरून उठतात. "त्यांचं तारण व्हावं, त्यांनी येशूला ओळखून पापातून सुटावं, म्हणून किती वर्षं झाली प्रार्थना करतेय. अजून किती दिवस करायची?" उत्तर दोन मिनिटांत हवं असतं, कारण दाराशी रिक्षा थांबलेली असते. मग मी "धीर धरा" म्हणते आणि त्या उत्तराची मलाच लाज वाटते. म्हणून एकदा सवडीने लिहिते.

दुसरे विचारणारे बाहेरचे. "म्हणजे तुम्ही आमच्या धर्मांतरासाठी प्रार्थना करता ना?" हो. माझ्या जिवाभावाच्या माणसाने प्रभूला ओळखावं असं मला वाटतं. ते लपवलं तर मी खोटी ठरेन. पण प्रार्थना देवाशी बोलणं आहे, त्या माणसावर केलेला प्रयोग नव्हे. इतकं सांगूनही कुणाला राग आला तर मी वाद घालत नाही. आपण कुणाच्या तरी वहीत 'हरवलेला' म्हणून नोंदलेलो आहोत, हे ऐकायला कुणालाच गोड वाटणार नाही.

आता दिवसांचं. एकवीस दिवस, चाळीस दिवस असे हिशेब आपल्याकडे फार चालतात. शिस्त म्हणून ठीक, पण तारणाला मुदत लावलेली शास्त्रात मला कुठे सापडली नाही. पूर्वी मी धीर द्यायला जॉर्ज म्युलरचं उदाहरण द्यायची. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारा हा माणूस नोव्हेंबर 1844 पासून पाच जणांसाठी रोज, एकही दिवस न चुकवता, प्रार्थना करू लागला. पहिला 18 महिन्यांनी वळला. दुसऱ्याला त्यापुढे 5 वर्षं लागली, तिसऱ्याला आणखी 6. आणि 36 वर्षांनंतर त्याने स्वतःच नमूद केलं की दोघे अजून बाकी आहेत. हल्ली मी हे जपून सांगते. ऐकणाऱ्या बायका '18 महिने' तेवढं उचलतात आणि कॅलेंडर काढतात. उरलेल्या दोघांविषयी कुणी विचारत नाही.

मोनिकाचं, म्हणजे चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टीनच्या आईचं, उदाहरण मात्र टाळता येत नाही, कारण ते तुम्हीच काढता. 'एवढ्या अश्रूंचं पोर नाश पावणं शक्य नाही' हे वाक्य सगळ्यांना येतं. ते म्हणणारा बिशप तेव्हा वैतागलेला होता, हे कुणी सांगत नाही. माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका दाखवा, म्हणून ती त्याच्या मागे लागली होती. तो नाही म्हणाला. मुलगा तेव्हा मानी पंथात, प्रकाश आणि अंधार यांची झुंज मानणाऱ्या पंथात, अडकला होता; लहानपणी बिशप स्वतःच त्या पंथात वाढला होता आणि त्यांची पुस्तकं वाचता वाचताच बाहेर पडला होता. "त्याला सोडा. फक्त प्रार्थना करा, वाचून त्याचं त्यालाच कळेल." तरी ती रडत उभीच राहिली, तेव्हा कंटाळून तो ते वाक्य बोलला. त्यापुढेही मुलगा कैक वर्षं त्याच पंथात होता.

मला सांगायची आहे ती त्यानंतरची रात्र. साल 383, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचं बंदर. ऑगस्टीन तिशीच्या उंबरठ्यावर, शिकवायला रोमला निघालेला. तिथले विद्यार्थी वर्गात दंगा करत नाहीत, असं त्याने ऐकलेलं. आई किनाऱ्यापर्यंत मागे आली. एक तर घरी चल, नाहीतर मला बरोबर ने, म्हणून त्याला धरून बसली. त्याने थाप मारली : मित्र निघालाय, वारा सुटेपर्यंत त्याला सोबत करतो, इतकंच. रात्रीपुरती तिला जवळच्या, सिप्रियन या हुतात्मा बिशपच्या स्मारक-मंदिरात थांबायला राजी केलं. ती रात्रभर आत रडत प्रार्थना करत होती आणि मागणी एकच होती : त्याला जाऊ देऊ नकोस. बाहेर वारा सुटला, शिडं भरली, गलबत निघून गेलं. सकाळी ती किनाऱ्यावर आली तर पाण्यावर काही नाही. त्याच्या फसवणुकीबद्दल आणि देवाने ऐकलं नाही म्हणून तिने आकांत केला. मग घरी परतली आणि पुन्हा त्याच्यासाठीच प्रार्थना करू लागली.

हे सगळं त्याने स्वतः 'कन्फेशन्स' या आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय आणि वर म्हटलंय की, देवाने तिचं त्या रात्रीचं मागणं नाकारलं ते तिचं नेहमीचं मागणं पुरं करण्यासाठी. रोमहून तो मिलानला गेला, तिथे बिशप अ‍ॅम्ब्रोजची प्रवचनं कानी पडली, 386 मध्ये बागेत बसून प्रेषित पौलाचं पत्र उघडलं, आणि 387 च्या ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेतला. थांब म्हणून आई रडत होती, आणि जाण्यातूनच तो सापडला.

हे सांगून मी पूर्वी विजयी चेहऱ्याने थांबायची. आता माझंच मन मला अडवतं. ही कथा मागे वळून पाहणाऱ्याची आहे. त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. रोमला पोचल्यावर ऑगस्टीन तापाने मरायला टेकला होता. मेला असता तर? ज्यांची मुलं अशा तापातून उठली नाहीत, त्या आयांबद्दल कुणी पुस्तक लिहिलं नाही. तेव्हा किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला "पाहा, देवाची योजना असेल" म्हणू नका. मी म्हटलेलं आहे. परत घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी प्रवचनात कधी येत नाही. पुढे मुलामागोमाग मिलानला गेलेल्या मोनिकाच्या मनात प्रार्थनेबरोबर स्वतःचा बेतही होता : चांगल्या घरची मुलगी बघायची, लग्न झालं की तो बाप्तिस्म्याला तयार होईल. त्यासाठी त्याच्या मुलाची आई, कितीतरी वर्षं त्याच्यासोबत राहिलेली बाई, वाटेतून दूर करण्यात आली. मुलाला मागे ठेवून ती आफ्रिकेला परत गेली. तिचं नावसुद्धा नोंदलेलं नाही. ठरलेली नवरी वयाने लहान होती, दोन वर्षं थांबायचं होतं. तेवढ्यात ऑगस्टीनने दुसरीच बाई ठेवली. ते लग्न झालंच नाही. 'माझं काही चुकतंय का' असं तुम्ही विचारता, तेव्हा मला पहिल्यांदा हे आठवतं. 'त्याचं तारण होऊ दे' या मागणीच्या आत 'त्याची दारू सुटू दे, चार लोकांत माझी मान वर राहू दे, त्याने माझं ऐकू दे' हे सगळं गुंडाळलेलं असतं. या मागण्या वाईट नाहीत. पण त्या वेगळ्या आहेत, वेगळ्याच लिहाव्यात.

लिहाव्यात म्हणजे खरोखरच. साधी दोनशेपानी वही घ्या. एका माणसाला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे मागणी आणि तारीख, उजवीकडे जे घडलं ते. उलटं घडलं असेल तर तेही. नावं सातच्या वर नकोत. तीस नावांची यादी वाचणं म्हणजे हजेरी घेणं. पाचव्या नावानंतर जीभ चालते आणि मन भाजी निवडायला बसतं. एका दिवसाला एक नाव, पंधरा मिनिटं. 'सगळ्यांचं भलं कर' हे वाक्य वहीत येऊ देऊ नका, कारण ते पुरं झालं की नाही हे कधीच कळणार नाही.

डाव्या पानावर काय लिहायचं? त्या माणसाबद्दलचे आभार आधी. पौलाने तीमथ्याला सर्व माणसांसाठी प्रार्थना करायला सांगितलं त्यात उपकारस्तुतीही आहे, आणि तीच गळते. ज्याच्याबद्दल आभार मानायला तीन ओळी सुचत नाहीत, त्याच्यासाठी आपण प्रार्थना करत नसतो, देवाकडे तक्रार नोंदवत असतो. मग देवपित्याने त्याला स्वतःकडे ओढावं, हे योहान 6:44 वरून. मग मत्तय 9:38 प्रमाणे दुसरा कुणीतरी कामकरी त्याच्या वाटेवर यावा : ऑफिसातला, गाडीतला, कुणीही. घरच्यांना हे मागणं जड जातं, कारण श्रेय आपल्याला मिळत नाही. मोनिकाचा मुलगा अ‍ॅम्ब्रोजचं ऐकायला गेला होता, आईचं नव्हे. शेवटी स्वतःच्या जिभेसाठी एक ओळ, आणि या आठवड्यापुरती एक नेमकी मागणी. 'रविवारी फोनवर भांडण न होता दहा मिनिटं बोलणं व्हावं', एवढी लहान चालते.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा मोठ्याने. जेवणाआधी डोळे मिटून 'प्रभू, या घरातल्या वाट चुकलेल्याला शुद्धीवर आण' म्हणायचं, आणि तो वाट चुकलेला समोर पोळी हातात घेऊन बसलेला. ती प्रार्थना देवाला उद्देशून नसते, हे त्यालाही कळतं. 'तुझ्यासाठी शुक्रवारचा उपास धरलाय' हे त्याला सांगणंही तसलंच. उपास करा, पण साखरेची गोळी चालू असेल तर जेवण सोडू नका, मोबाईल सोडा. त्याच्या उशीखाली शास्त्र लपवू नका, उंबऱ्याला गुपचूप तेल लावू नका. बुधवारच्या प्रार्थना-संगतीत नाव द्यायचं तर फक्त नाव द्या. 'त्याचं ऑफिसातल्या कुणाशी तरी...' इथपासून पुढे गावभर चर्चा होते आणि शेवटी आमेन. दवाखान्यात नळ्या लावलेल्या माणसाचा हात दाबून "माझ्यामागून म्हणा" असं करू नका. घाई समजते मला. तरीही नको.

'तू व तुझं घराणं तारण पावेल' हे प्रेषितांच्या कृत्यांतलं वचन भिंतीवर असतं आणि हमीपत्रासारखं वाचलं जातं. ते पौलाने आणि सीलाने फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाधिकाऱ्याला सांगितलेलं आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत त्याच्या घरातल्या सगळ्यांना वचन ऐकवलं जातं; म्हणजे जो तो ऐकतो. त्याच पौलाने करिंथकरांना विचारलंय, बाई, तू नवऱ्याला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? ही ओळ भिंतीवर कुणी लावत नाही.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. त्यांच्या नवऱ्याचा, कवी ना. वा. टिळकांचा, बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं दुसऱ्या कुणी त्यांच्या वतीने काही ठरवू शकलं नाही. जातिभेद माणसांनी केलेला आहे हे त्यांना त्यांच्याच डोक्याने पटावं लागलं.

सगळ्यात अवघड प्रश्न रिक्षात बसल्यावर येतो, खाली वाकून, हळू. "ताई, ते गेले. काही न बोलताच गेले. आता त्या पानाचं काय करू?" पूर्वी मी येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरता मरता वाचलेल्या चोराचं नाव घ्यायची, शेवटच्या श्वासात काय झालं कुणास ठाऊक, म्हणून. ते आजही खरं मानते, पण पुरेसं मानत नाही. वसईकडचे आपले कॅथलिक बांधव 2 नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. आमच्या प्रॉटेस्टंट शिकवणुकीत ते बसत नाही. मोनिका रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात वारली ती 387 मध्येच, मुलाच्या बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांत. मला कुठेही पुरा, म्हणाली; फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. आणि जन्मभर जिने त्याच्यासाठी मागितलं, तिच्यासाठी त्याने तिच्यामागे पापक्षमा मागितली, तीही लिहून. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचते आणि आमची शिकवण शेजारी ठेवते. दोन्ही जुळत नाहीत. वहीतलं पान फाडायला मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.